रेषेतील तप : आचार्य नंदलाल बोस

जबलपूरच्या गोलबाजारातील शहीद स्मारकाच्या भिंतींवर स्वातंत्र्यलढ्याची जी चित्रे आहेत, ती याच शहरातील ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी घडविली. सभासमारंभांच्या निमित्ताने तेथे गेलेल्या अनेक पिढ्यांनी ती पाहिली आहेत. मात्र त्या रेषेचे घराणे कोणते, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात आला असेल. गायनात शिष्याच्या गळ्यावरून गुरू ओळखता येतो, तसेच काहीसे चित्रकलेतही असते. सिन्हांचे गुरू होते शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे आचार्य नंदलाल बोस. पुराणकथेतील देवदेवतांना त्यांनी आपल्या काळाची भाषा बोलावयास लावली.

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात, हवेली खडगपूर येथे झाला. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या सेवेत होते. आई क्षेत्रमणीदेवी यांचा हात कलाकुसरीत चालत असे. गावातले कुंभार व मूर्तिकार पूजेच्या मूर्ती घडवीत, तेव्हा हा मुलगा तासन्‌तास तेथे बसून राही. मातीचा गोळा हळूहळू देवीचा चेहरा धारण करतो, हे त्याने पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे शिक्षणासाठी कलकत्त्याला पाठविल्यावर मात्र निराळीच अडचण उभी राहिली. महाविद्यालयीन परीक्षांत नंदलाल वारंवार नापास होत गेले. घरच्यांनी व्यापारविषयक शिक्षणाचा मार्ग सुचवून पाहिला, तोही फळला नाही. दरम्यान १९०३ मध्ये सुधीरादेवींशी विवाह झालेला. म्हणजे संसार मागे आणि पदवी हाती नाही, अशा स्थितीत या तरुणाने चित्रकलेच्या सरकारी शाळेचे दार ठोठावले. प्रवेशाच्या वेळी त्यांनी सिद्धिदाता गणेशाचे चित्र काढून दाखविले, असे सांगतात. गुणपत्रिकेने ज्याला नाकारले त्याला त्या गणपतीने पदरात घेतले, असेच म्हणावे लागेल.

ते वर्ष १९०५ चे. वंगभंगाने बंगाल पेटला होता. त्याच वर्षी अवनींद्रनाथ ठाकूर यांनी आपली ‘भारतमाता’ रंगविली : भगव्या वस्त्रातली, चार हातांची, पण हाती शस्त्र नसलेली. नंदलाल याच अवनींद्रनाथांचे शिष्य झाले.

या काळाचे मर्म समजण्यासाठी तेव्हाच्या घरांच्या भिंतींकडे पाहावे लागते. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती मुंबई-पुण्यापासून नर्मदाकाठच्या मराठी घरांपर्यंत पोहोचल्या होत्या. त्या चित्रांनी सामान्य माणसाला देव घरी आणून दिले, हे त्यांचे मोठेच ऋण. परंतु त्यांतील देवता बहुधा रंगमंचावर उभ्या असल्यासारख्या दिसतात. भरजरी वस्त्रे, ठसठशीत दागिने, नाट्यपूर्ण हावभाव. नंदलाल यांना हवे होते ते याच्या आतले. देवाला बल असते ते त्याच्या दंडात की त्याच्या निश्चयात, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता.

प्रारंभीच्या चित्रांतच तो दिसतो. १९०७ च्या सुमारास त्यांनी ‘सती’ रंगविली, ज्वाळांसमोर निर्भय हात जोडलेली. भगिनी निवेदितांनी तिची मोठी प्रशंसा केली. त्या विषयाचा गौरव आजच्या वाचकाला, विशेषतः मुलींच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्याला, पटणारा नाही, आणि पटूही नये. तरीही त्या तरुण चित्रकाराचे लक्ष अग्नीच्या भीषणतेवर नसून चेहऱ्यावरील शांततेवर होते, एवढे मान्य करावे लागते. ‘शिव-सती’ या चित्राला प्रदर्शनात पाचशे रुपयांचे पारितोषिक मिळाले, आणि त्या पैशावर नंदलाल भारतभ्रमणास निघाले.

त्यांच्या घडणीतील सर्वांत बोलका प्रसंग ‘उमेची तपस्या’ या चित्राचा आहे. शंकराच्या प्राप्तीसाठी पर्वतावर तप करणारी उमा नंदलाल यांनी रंगविली आणि गुरूंना दाखविली. अवनींद्रनाथांना चित्र फार कोरडे वाटले. उमेला थोडा रंग द्यावा, थोडी सजवावी, असे त्यांनी सुचविले. शिष्य चित्र घेऊन गेला. पण रात्री गुरूंना झोप लागेना. उमा तर सारे शृंगार टाकून तपाला बसली आहे, मग तिच्या अंगावर रंग येणार कोठून? पहाट होताच ते धावत नंदलाल यांच्या घरी पोहोचले. शिष्य चित्र पुढे घेऊन बसलाच होता. अजून रंग लागला नव्हता. गुरूंनी त्याचा हात थांबविला. ही हकीकत पुढे अवनींद्रनाथांनीच सांगितली, आणि आपण एक उत्तम चित्र बिघडवीत होतो, हे कबूल करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. शिष्याच्या घरी पहाटे जाऊन आपली सूचना मागे घेणारे गुरू थोडे. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात नंदीवर आरूढ झालेले गौरीशंकर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या मंगल मीलनामागचे हे रंगहीन तप आठवावयास हरकत नाही.

१९०९ च्या अखेरीस निवेदितांच्या आग्रहावरून नंदलाल अजिंठ्याला गेले. लेडी हेरिंगहॅम तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होत्या. असितकुमार हलदार, व्यंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त हे सोबती. वाघूरच्या काठावरील त्या काळोख्या लेण्यांत अंधुक झालेल्या रेषांचा माग काढताना त्यांना भिंतीची भाषा सापडली. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानच्या वतीने बाघ येथील लेण्यांची चित्रे उतरविण्याचे कामही त्यांनी केले.

तोवर रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनात बोलावून घेतले होते. १९२२ पासून कलाभवनाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९५१ पर्यंत ती त्यांनी वाहिली. विद्यार्थी त्यांना मास्टरमोशाय म्हणत. कोल्हापूरचे विनायक मासोजी त्यांचे आरंभीचे विद्यार्थी. सत्यजित राय हे पुढचे. आपल्यासारखे चित्र काढा, असा त्यांचा आग्रह कधीच नसे. झाड, बैल, चालणारी बाई आधी नीट पाहा, एवढेच ते शिकवीत. दूर गेलेल्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डावर चार रेषांचे चित्र काढून पाठविण्याची त्यांची सवय सर्वश्रुत आहे.

१९३० मध्ये दांडीयात्रा झाली. नंदलाल यांनी लिनोच्या पत्र्यावर काठी टेकीत निघालेले गांधीजी कोरले. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, खाली १२ एप्रिल १९३० ही तारीख. त्या आकृतीत ना मुकुट, ना प्रभावळ, तरीही पाहणाऱ्यास ती एखाद्या पुराणपुरुषासारखी भासते. उमेच्या चित्रात जे साधले होते तेच येथे एका जिवंत माणसाच्या बाबतीत साधले.

गांधीजींनी मग त्यांच्यावर निराळेच काम सोपविले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्याची सजावट नंदलाल यांनी करावी, अशी गांधीजींची इच्छा होती. आपण चित्रकार, मंडप उभारण्याचे शास्त्र आपणांस ठाऊक नाही, अशी शंका नंदलाल यांनी कळविली. गांधीजींना निष्णाताहून निष्ठावंत हवा होता. अखेर बांबू, गवत, माती अशा खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतूनच नगर उभे राहिले, आणि गांधीजींनी जाहीरपणे त्याचे कौतुक केले. फेब्रुवारी १९३८ मध्ये तापीकाठीच हरिपुरा येथे दुसरी कसोटी झाली. स्थानिक मातीचे रंग घेऊन, हातकागदावर, नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुमारे चारशे चित्रफलक तयार केले. त्यांत चांभार होता, सुतार होता, कापूस पिंजणारा, ढोल वाजविणारा, मूल कडेवर घेतलेली आई होती. ज्या कमानींखाली देवादिकांची अपेक्षा करावी, तेथे त्यांनी कष्टकरी माणसे आणून बसविली. पुढच्याच वर्षी काँग्रेसचे अधिवेशन जबलपूरजवळ त्रिपुरीस भरले. परंतु त्याची आठवण राहिली ती सुभाषबाबूंच्या अध्यक्षपदाच्या वादळाने.

बडोद्याच्या गायकवाडांनी एके काळी रविवर्म्यांना राजाश्रय दिला होता. त्याच घराण्याच्या कीर्तिमंदिराच्या चार भिंती १९३९ पासून नंदलाल यांच्या स्वाधीन झाल्या. गंगावतरण, मीराबाई, रवींद्रनाथांच्या नाटकावरील ‘नटीर पूजा’ आणि महाभारतातील अभिमन्यू असे विषय त्यांनी निवडले. हे काम महायुद्धाच्या वर्षांत चालले. चक्रव्यूहात शिरलेला एकटा कुमार रंगविताना चित्रकाराच्या मनात काय चालले असेल, हे सांगावयास नको.

मात्र त्यांचे सर्वांत धाडसी पौराणिक चित्र १९४३ चे. बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे अन्नावाचून मरत होती. नंदलाल यांनी अन्नपूर्णा रंगविली. ती कमळावर स्वस्थ बसली आहे आणि तिच्यासमोर भिक्षापात्र घेऊन नाचणारा शिव केवळ हाडांचा सापळा उरला आहे. कथा जुनीच, महादेवाने अन्नपूर्णेकडे भिक्षा मागितल्याची. परंतु त्या वर्षी कलकत्त्याच्या रस्त्यावरचा कोणताही भुकेला तो सांगाडा ओळखू शकला असता. राज्यकर्त्यांवरचा इतका कठोर आरोप शब्दांत क्वचितच कोणी केला असेल.

स्वातंत्र्यानंतर संविधानाची मूळ प्रत सजविण्याचे काम नंदलाल यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या घरात होते. विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्यांनी मोहेंजोदडोच्या वृषभापासून आरंभ केला. मूलभूत हक्कांच्या भागावर लंकेहून परतणारे राम, सीता व लक्ष्मण आले. मार्गदर्शक तत्त्वांच्या भागावर अर्जुनाला उपदेश करणारे श्रीकृष्ण. पुढे शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह, झाशीची राणी, दांडीयात्रा. हक्कांच्या आरंभी वनवास संपवून घरी येणारी माणसे असावीत, ही योजना आजही विचार करावयास लावणारी आहे.

१९५४ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १६ एप्रिल १९६६ रोजी नंदलाल यांचे निधन झाले. त्या संविधानाच्या उद्देशिकेचे पान मात्र त्यांनी स्वतः सजविले नव्हते. ते त्यांनी जबलपूरहून आलेल्या, विशीतल्या राममनोहर सिन्हांकडे सोपविले. त्या पानाच्या नक्षीत, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, बारकाईने पाहिल्यास ‘राम’ अशी लहानशी सही आढळते.