विश्लेषण : नागपूरचे पहिले महापौर बॅ. वानखेडे धरमपेठेच्या मतदाराला काय सांगतात?

शेषराव वानखेडे म्हटले, की मुंबईतले क्रिकेटचे मैदान आठवते. पण ते नाव मैदानाला लागण्याच्या दोन दशके आधी नागपूर महापालिकेच्या कारभारात दाखल झाले होते. धरमपेठेत आज पाणी, पूर आणि पार्किंगच्या तक्रारी घेऊन नेमके कोणाकडे जायचे हा प्रश्न आहे. त्याचे मूळ समजून घ्यायचे तर वानखेडेंच्या काळापर्यंत मागे जावे लागते.

कोण होते वानखेडे?

शेषराव कृष्णराव वानखेडे यांचा जन्म २४ सप्टेंबर १९१४ चा. बॅरिस्टर झालेले शेषराव काँग्रेसच्या राजकारणात आले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. १९५२ मध्ये महापौर झाले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती.

१९५२ मध्ये काय बदलले?

नागपुरात नगरपालिका १८६४ पासून होती. तेव्हा शहराची वस्ती ८२ हजारांच्या आसपास, तर १९५१ च्या जनगणनेत ती साडेचार लाखांच्या घरात गेली होती. मार्च १९५१ मध्ये महापालिका अस्तित्वात आली आणि सुरुवातीला कारभार प्रशासकाकडे होता. १९५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, सभागृह बसले आणि वानखेडे पहिले महापौर ठरले. शहराचे प्रश्न मांडायला मतदारांनी निवडलेली माणसे आली, हा प्रशासक आणि सभागृह यांच्यातला खरा फरक.

महापौराच्या हाती किती अधिकार?

फार नाहीत. महापौर सभागृहाचा अध्यक्ष. अर्थसंकल्प आणि धोरण सभागृह मंजूर करते, खर्चाचे मोठे प्रस्ताव स्थायी समितीत जातात. अंमलबजावणी मात्र आयुक्ताची आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. त्यात नागपुरात नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था १९३६ च्या कायद्याने आधीच आलेली होती. लेआउट पाडणे, भूखंड देणे हे काम तिच्याकडे. म्हणजे वस्ती वसवणारी संस्था एक आणि तिला रोज पाणी-सफाई पुरवणारी दुसरी. निवडून दिलेल्या माणसाला जाब विचारता येतो, पण त्याच्या हाती अर्धीच सूत्रे, ही नागपूरची जुनी अडचण.

पुढे वानखेडे कुठे पोहोचले?

नागपूर महाराष्ट्रात आल्यावर ते मुंबईच्या राजकारणात स्थिरावले. राज्याचे वित्त खाते त्यांनी सांभाळले. १९७२ ते १९७७ या काळात ते विधानसभेचे अध्यक्ष होते. मुंबई क्रिकेट संघटनेचे प्रमुख असताना ब्रेबॉर्न स्टेडियमच्या मालक क्लबशी आसनांच्या वाटपावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी चर्चगेटजवळ संघटनेचे स्वतःचे मैदान उभे केले. जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. १९८० ते १९८२ या काळात ते भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. ३० जानेवारी १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

धरमपेठेशी संबंध काय?

महापालिकेच्या दहा झोनपैकी धरमपेठ एक. चोवीस तास पाण्याचा पथदर्शी प्रयोग याच झोनमध्ये झाला आणि २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा २५ वर्षांच्या करारावर खासगी कंपनीकडे गेला. वेस्ट हायकोर्ट रोडवरच्या जुन्या बंगल्यांच्या जागी दुकाने आली आणि पार्किंगचा ताण वाढला. नळ कोरडा राहिला तर कंपनी की महापालिका, लेआउटचा वाद असेल तर प्रन्यास की महापालिका, असे प्रश्न रोजचेच झाले.

२०१७ च्या निवडणुकीत ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक निवडले गेले. एका प्रभागात बहुतेक ठिकाणी चार. त्यामुळे तुंबलेल्या गटाराचा जाब चौघांपैकी कोणाला विचारायचा, हाही प्रश्न. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला. याच काळात, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी धरमपेठ परिसरातील घरांत शिरले. अधिकारी आले, पंचनामे झाले. पण नागरिकांच्या वतीने सभागृहात उभे राहून हिशेब मागणारा नगरसेवक नव्हता, कारण सभागृहच नव्हते.

मतदाराने काय लक्षात ठेवावे?

वानखेडेंच्या निवडीने १९५२ मध्ये प्रशासकाचा काळ संपला होता. सत्तर वर्षांनी शहर पुन्हा त्याच वळणावर आले. महापौराचे अधिकार तेव्हाही मर्यादित होते, आजही आहेत. तरीही प्रश्न विचारण्याची हक्काची जागा सभागृहच. म्हणून मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्ता, नाला, पाणी यांपैकी काय महापालिकेच्या हाती आहे आणि उरलेल्यासाठी तो कोणाकडे पाठपुरावा करणार, एवढे तरी मतदाराने विचारावे.