वाटाण्याचे दाणे मोजणारा मठवासी

ग्रेगोर मेंडेल यांचा जन्म सन १८२२ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्यातील एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी झाला. ते खेडे आज चेक प्रजासत्ताकात आहे. घरची गरिबी, त्यातच ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. तेव्हा धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातील वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. १८४३ साली मेंडेल ब्रून शहरातील मठात दाखल झाले. शिक्षकाच्या परीक्षेत त्यांना अपयश आले. तथापि व्हिएन्ना विद्यापीठात दोन वर्षे अध्ययन करून ते परतले, आणि १८५६ पासून मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करू लागले.

गोल दाण्यांच्या व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. परंतु पुढच्या पिढीत सुरकुती पुन्हा प्रकट झाली. मेंडेल यांनी ७,३२४ दाणे मोजले. त्यांपैकी ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले होते, म्हणजे जवळजवळ तीनास एक हे प्रमाण. यावरून त्यांनी ताडले की, गुण मिसळून नष्ट होत नाहीत. मातापित्यांकडून एकेक घटक येतो, आणि दबलेला घटकही अभंग राहतो.

हा निबंध त्यांनी १८६५ मध्ये वाचला व तो पुढील वर्षी छापला गेला. पण त्याचे मोल कोणी जाणले नाही. पुढे मेंडेल मठाधिपती झाले आणि १८८४ मध्ये निवर्तले. १९०० साली तीन शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास पोहोचले, तेव्हा कुठे जगास त्यांचे नाव कळले.

तो घटक म्हणजे काय, याचा उलगडा होण्यास आणखी नव्वद वर्षे लागली. दाण्यात पिष्ट घडविण्यास साह्य करणाऱ्या एका जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा परका तुकडा शिरला आहे, असे १९९० मध्ये आढळले. त्यामुळे पिष्ट कमी व साखर अधिक होते. दाणा पाणी जास्त शोषतो आणि वाळताना आकसतो. मेंडेल यांनी अभ्यासलेल्या पिवळ्या शेंगेचे कारण नेमके उलट आहे. हरितद्रव्याच्या जनुकालगतचा मोठा तुकडा तेथे गळून गेला आहे, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

जनुकांत तुकडे शिरतात व गळतात, हे मेंडेल यांना ठाऊक नव्हते. त्यांनी केवळ दाणे प्रामाणिकपणे मोजले आणि त्या मोजणीवर विश्वास ठेवला. मान्यता मिळाली नाही, तरी सत्य अभंग राहते, हेच त्यांचे जीवन आपणांस शिकविते.