नळदुर्गचा सुलतान आणि ताऱ्यांचा ग्रंथ

वाशी भागातला मुस्लिम शेतकरी रमजानचा चाँद बघून रोजे धरतो आणि पेरणीसाठी मिरगाची वाट पाहतो. महिना हिजरी, नक्षत्र पंचांगातलं. घरात दोन्ही हिशेब सुखाने नांदतात. साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्याशी नातं असलेल्या एका सुलतानाने आकाशाकडे पाहण्याच्या अशाच दोन परंपरा एका ग्रंथात एकत्र आणल्या. तो म्हणजे विजापूरचा पहिला अली आदिलशाह, चाँदबीबीचा पती.

अली 1558 मध्ये गादीवर आला. नळदुर्गची दगडी तटबंदी त्याच्याच कारकिर्दीतली. परंडा तेव्हा निजामशाहीत आणि नळदुर्ग आदिलशाहीत, त्यामुळे हा सगळा मुलूख सरहद्दीचा. विजयनगरच्या रामरायाचा मुलगा गेला तेव्हा अली स्वतः सांत्वनाला गेला होता. पुढे 1565 च्या तालिकोटच्या लढाईत मात्र तो त्याच रामरायाविरुद्ध उभा राहिला. राजकारण असंच असतं.

या लढवय्याला पुस्तकांचं विलक्षण वेड होतं. स्वारीवर निघाला तरी पुस्तकांच्या पेट्या बरोबर असत. शाही ग्रंथालयाची जबाबदारी त्याने शेष वामन पंडित या ब्राह्मण विद्वानाकडे सोपवली होती. गोव्याच्या पाद्र्यांनाही बोलावून त्याने त्यांच्याशी धर्मचर्चा केली.

1570 मध्ये त्याच्या दरबारात ‘नुजूम-उल-उलूम’ हा फारसी ग्रंथ तयार झाला. तो स्वतः अलीनेच रचला असावा, असं अभ्यासकांचं मत आहे. ग्रह, राशी, हत्ती, घोडे, शस्त्रं असे विषय त्यात आहेत आणि शेकडो रंगीत चित्रं आहेत. राशींच्या अंशांनाही त्यात चित्ररूप दिलं आहे. त्याच पानांच्या सोबतीला आपल्या योगिनींसारख्या स्त्रीदेवता ‘रूहानी’ या नावाने येतात.

राशींच्या बाबतीत दोन्ही परंपरा मुळात जवळच्या. मेष म्हणजे हमल, सिंह म्हणजे असद, वृश्चिक म्हणजे अक्रब, तूळ म्हणजे मीज़ान. चंद्राच्या मुक्कामांत मात्र थोडा फरक पडतो. चंद्र सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत आकाशाची फेरी पुरी करतो. पंचांग त्या वाटेचे 27 भाग करतं, प्रत्येकी 13 अंश 20 कलांचा. अभिजित धरलं की 28. अरबांच्या मंझिली 28 च. कृत्तिका त्यांची सुरैया, रोहिणीचा लाल तारा त्यांचा दबरान. तारे तेच, हाक वेगळी.

खरा पेच राशी कुठून मोजायच्या यात आहे. ग्रीक, अरब आणि आजचे पाश्चात्त्य ज्योतिषी सूर्य वसंतसंपाताला आला की मेष धरतात. नवरोज तेव्हाच असतो. आपलं पंचांग स्थिर ताऱ्यांवरून मोजतं. संपात हळूहळू मागे सरकतो, म्हणून अलीच्या काळी दोन्हींत सुमारे 18 अंशांचं अंतर होतं. आज ते 24 आहे. म्हणूनच वर्तमानपत्रातल्या पाश्चात्त्य भविष्यात मेष असलेल्या माणसाचा सूर्य पंचांगात बहुधा मीनेत निघतो.

कुरआनात चंद्राच्या मंझिलींचा उल्लेख वर्षांची गणना कळावी म्हणून आहे. ताऱ्यांवरून भविष्य सांगण्याला इस्लामची मान्यता नाही. अलीने ही मर्यादा पाळली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. राज्य आणि युद्ध ताऱ्यांच्या मदतीने सावरता येईल, अशी त्याची आशा होती.

1580 मध्ये त्याच्याच महालात त्याचा खून झाला. मूलबाळ नव्हतं, नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम गादीवर बसला आणि कारभार चाँदबीबीने सांभाळला. नळदुर्गचा पाणीमहाल पुढे याच इब्राहीमच्या काळात झाला. अलीने शिराझहून बोलावलेला गणिती फतहुल्लाह अकबराकडे गेला आणि तिथे त्याने इलाही कालगणना रचली. ताऱ्यांच्या त्या ग्रंथाची 1570 ची प्रत आज आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.