संत गाडगेबाबा : फुटक्या गाडग्याची शिकवण

थोर समाजसेवक श्री संत गाडगेबाबा यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी गरीब परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. मामांच्या घरी गुरे राखीत व शेतात राबत ते मोठे झाले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चाल मोडून त्यांनी भाऊबंदांना गोड जेवण घातले. सन १९०५ मध्ये घरदार सोडून ते लोकसेवेस बाहेर पडले.

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा व फुटके गाडगे एवढाच त्यांचा संसार. तेच गाडगे डोक्यावर टोपी होई व जेवताना ताट होई. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंवर त्यांनी जन्म काढला व त्या गाडग्यानेच त्यांना नाव दिले.

गावात येताच बाबा रस्ते, गटारे व देवळाचे आवार झाडीत. रात्री कीर्तनातून कर्जाचे सण, नवसाचे बकरे व शिवाशिव यांवर कोरडे ओढीत. लोकांच्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाने शासनाने सन २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

आपल्या शहापूर-मुरबाड भागात पूर्वी भंडाऱ्याच्या पळसाच्या पत्रावळी उकिरड्यात कुजून शेताला खत होत. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत. टाकण्यासारखे फारसे उरतच नसे. आता थर्माकोलच्या ताटल्या व प्लॅस्टिकचे पेले ओढ्याने भातसा व काळू नदीकडे वाहत जातात. सन २०१८ मध्ये राज्यात त्यांवर बंदी आली. तरी भंडारा उरकला की देवळामागे ढीग दिसतोच.

ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सहकार्याने मंदिराचा जीर्णोद्धार झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुढे कळस झळकतो आणि मागे कचरा जळतो, हे बाबांना खचितच रुचले नसते. महाप्रसादाला पानांच्या पत्रावळी किंवा घरून आणलेली ताटे वापरावीत. निर्माल्य व उष्टे खरकटे खतखड्ड्यात टाकावे. काच, पत्रा, प्लॅस्टिक घरीच वेगळे करून भंगारवाल्यास द्यावे. यास पैसा लागत नाही. ज्यांना देणगी देणे जमले नाही, त्यांनाही ही सेवा करता येईल. बाबांच्या पवित्र स्मृतीस शतशः प्रणाम!