अनुशेषाचा आकडा काढणारे वि. म. दांडेकर

विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात पारावर घटकाभर बसलं, की अनुशेष हा शब्द कानावर येतोच. धरण रखडलं की अनुशेष, रस्ता उखडला की अनुशेष, दवाखान्यात डॉक्टर नसला तरी अनुशेष. नागपूरचं अधिवेशन जवळ आलं की पुढाऱ्यांच्या तोंडीही हाच शब्द. पण हा अनुशेष जिल्हावार मोजून रुपयांत मांडला कोणी, हे आज फार थोड्यांना आठवतं. तो माणूस विदर्भाचा नव्हता आणि मराठवाड्याचाही नव्हता. साताऱ्यात जन्मलेले, पुण्यात राहून काम केलेले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी हे काम केलं.

गावात जाऊन मोजणी

दांडेकरांचा जन्म १९२० चा. गणित आणि संख्याशास्त्र हा त्यांचा पिंड. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत ते धनंजयराव गाडगीळांसोबत काम करू लागले आणि गाडगीळांनंतर १९६६ मध्ये संस्थेचे संचालक झाले. पण त्यांचं गणित फळ्यापुरतं राहिलं नाही. कागदावर काय आहे आणि गावात काय आहे, हे ताडून पाहायचं, ही त्यांची सवय.

१९५० च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांची त्यांनी पाहणी केली. पटावर नावं किती, हे सरकारला माहीत होतंच. दांडेकरांनी पाहिलं की किती पोरं मधेच शाळा सोडतात आणि किती एकाच वर्गात अडकून पडतात. कूळ कायद्याचंही तसंच. कायदा झाला म्हणजे कुळाला जमीन टिकली, असं सगळे धरून चालले होते. दांडेकर आणि त्यांचे सहकारी खुदानपूर यांनी गावोगावच्या नोंदी तपासल्या. कुळांनी राजीखुशीनं जमिनी सोडल्या असं दाखवलेल्या बऱ्याच प्रकरणांत राजीखुशी नव्हतीच, हे त्यांनी १९५७ च्या अहवालात मांडलं.

१९७१ मध्ये नीळकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये खर्चता आले तर पुरेसं अन्न मिळतं, असं त्यांनी धरलं. खेड्यातल्या शंभरातल्या चाळीस माणसांना तेवढंही जमत नव्हतं. उपाय म्हणून त्यांनी गावातच सार्वजनिक कामं काढून मजुरी द्या, असं सुचवलं. त्यासाठीचा पैसा श्रीमंतांच्या खर्चातून काढा, हेही त्यांनी सांगितलं.

आज शेतकरी ज्या पीक विम्याचा हप्ता भरतो, त्याच्या पायाशीही दांडेकरच आहेत. एकेका शेतकऱ्याचं नुकसान वेगळं मोजणं परवडणारं नाही, म्हणून एका भागाचं सरासरी उत्पन्न धरून भरपाई द्यावी, अशी मांडणी त्यांनी १९७० च्या दशकात केली. १९७९ पासून तशी योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आणि १९८५ मध्ये देशभरासाठी आली. आजही मंडळाचं उत्पन्न काढून भरपाई ठरते, ती त्याच वाटेनं.

१९८३ ची समिती

विदर्भ आणि मराठवाडा महाराष्ट्रात आले ते काही आश्वासनांवर. १९५३ च्या नागपूर करारात निधीचं न्याय्य वाटप करण्याचं आणि मराठवाड्याकडे खास लक्ष देण्याचं कबूल केलेलं होतं. १९६० ला राज्य झालं. वीस वर्षं उलटली तरी आपला वाटा दुसरीकडे जातो ही तक्रार काही थांबेना. तक्रार खरी की खोटी, हे ठरवायला आकडा मात्र कोणाकडे नव्हता.

१९८३ मध्ये राज्य सरकारनं दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ च्या एप्रिलमध्ये अहवाल आला. पद्धत साधी होती. सिंचन, रस्ते, गावांची वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी अशी एकेक बाब घ्यायची. राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली आहे, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती खर्च येईल ते मांडायचं. तो खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचा अनुशेष शून्य.

बेरीज निघाली ३ हजार १८६ कोटी रुपये. त्यात विदर्भाचे १ हजार २४६ कोटी, मराठवाड्याचे ७५० कोटी आणि कोकणासह उरलेल्या महाराष्ट्राचे १ हजार १८९ कोटी. सगळ्यात मोठी तूट सिंचनाची होती. मागासलेपण फक्त एकाच भागात नाही, पश्चिम महाराष्ट्रातही कोरडे जिल्हे आहेत, हेही या आकड्यानं दाखवलं. त्यामुळे दांडेकरांवर दोन्हीकडून टीका झाली. पण तेव्हापासून मागणी करणाऱ्याच्या हातात आकडा आला.

दहा वर्षांनी पुन्हा मोजलं

१९८५ नंतर अनुशेषासाठी निधी द्यायला सुरुवात झाली. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळं आली. निधीवाटपाची खास जबाबदारी राज्यपालांकडे गेली. पुढच्याच वर्षी, १९९५ च्या जुलैमध्ये दांडेकरांचं निधन झालं.

त्यानंतर नव्या समितीनं १९९४ ची स्थिती धरून पुन्हा हिशेब केला. अनुशेष निघाला १४ हजार ६ कोटी. यात महागाई आहे आणि मोजण्याचे निकषही बदलले, म्हणून दोन्ही आकडे सरळ एकापुढे एक ठेवता येत नाहीत. पण वाटे पाहता येतात. १९८४ च्या हिशेबात शंभर रुपयांच्या अनुशेषात विदर्भ-मराठवाड्याचे मिळून सुमारे ६३ रुपये होते. १९९४ च्या हिशेबात ते ७६ झाले. म्हणजे दहा वर्षं निधी देऊनही मागे असलेले भाग आणखी मागे पडले.

याचं एक कारण सरासरीतच आहे. मागचा जिल्हा चार पावलं चालतो, तोवर पुढचा सहा पावलं जातो आणि सरासरी वर सरकते. दुसरं कारण कामांचं. कालवा पाच वर्षांत झाला तर त्याची किंमत एक असते, तीस वर्षं रखडला तर भलतीच होते. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. जमीन आधी गेली, पाणी मात्र शेवटच्या शेतापर्यंत पोचायला दशकं लागली.

रुपये संपले, पाणी कुठे?

२००१ पासून राज्यपालांचे निर्देश आले. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत बहुतेक बाबींमधला पैशांचा अनुशेष संपल्याचं कागदावर दिसू लागलं. निधीचा उपयोगही झाला. वाड्यावस्त्यांवर वीज आली, डांबरी रस्ते आले, शाळाखोल्या उभ्या राहिल्या. ते नाकारता येत नाही. पण अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांत सिंचनाचा भौतिक अनुशेष शिल्लकच राहिला. पैसे खर्ची पडले, ओलिताखालची जमीन तेवढी वाढली नाही.

जिल्ह्याच्या सरासरीत तालुका झाकला जातो, हीसुद्धा जुनी अडचण. धरणाजवळचे दोन तालुके हिरवे असले की सगळा जिल्हा बरा दिसतो आणि टोकाचा तालुका टँकरवर राहतो. पीक विम्यात शेतकऱ्याला हेच भोगावं लागतं. मंडळाची सरासरी ठीक निघते, पण वाहून गेलेलं वावर त्याचंच असतं. २०११ मध्ये नेमलेल्या केळकर समितीनं म्हणूनच जिल्ह्याखाली उतरून तालुक्याकडे पाहिलं. विकास मंडळांची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० ला संपली आणि दरवर्षी हिशेब विचारणारी जागाच रिकामी झाली.

दांडेकरांचा आकडा आता जुना झाला, त्यांची सवय मात्र जुनी झालेली नाही. पटावरची नावं सोडून वर्गातली पोरं मोजायची, सातबारा सोडून जमीन कसणारा कोण ते पाहायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. गावाला किती कोटी मंजूर झाले, हा आकडा फलकावर लागतो. पाटाचं पाणी कितव्या गटापर्यंत आलं आणि दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून किती दिवस बसतो, हा हिशेब फलकावर लागत नाही. तो ग्रामसभेत विचारावा लागतो. तो विचारला गेला नाही, तर कागदावरचा अनुशेष संपेल आणि गावातला तसाच राहील.