शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे

शस्त्रक्रिया ही आज मोठ्या मानाची विद्या गणली जाते. परंतु सोळाव्या शतकांत युरोपांत ती बहुधा न्हाव्याच्या दुकानांत शिकली जात असे. विद्यापीठांतील वैद्य लॅटिन ग्रंथ वाचून औषध सांगत. गळवें कापणें, जखमा बांधणें, रक्त काढणें हीं कामें न्हाव्यांकडे असत. त्याच धंद्यांतून वर आलेल्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

आंब्रवाझ पारे हा सुमारें १५१० सालीं फ्रान्सांतील लाव्हाल गांवाजवळ जन्मला. त्याला लॅटिन येत नव्हतें. न्हाव्याच्या हाताखालीं उमेदवारी करून व पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयांत सुमारें तीन वर्षें राहून तो सैन्याबरोबर इटलींत गेला.

बंदुकीच्या दारूनें जखम विषारी होते, असें तेव्हांच्या पंडितांचें मत होतें; म्हणून तींत उकळतें तेल ओतीत. १५३७ च्या सुमारास तुरिनच्या मोहिमेंत पारेजवळचें तेल संपलें. निरुपायानें त्यानें अंड्याचा बलक, गुलाबाचें तेल व टर्पेंटाईन यांचा लेप लावला. हीं माणसें आपल्या हातून मरतील, या धास्तीनें त्यास झोंप आली नाहीं. पहांटे उठून पाहतो, तों लेप लावलेले शिपाई स्वस्थ होते, आणि तेलानें भाजलेले ज्वरानें व सुजेनें तळमळत होते! तेव्हांपासून त्यानें तें क्रूर तेल सोडलें.

तेल संपणें हा केवळ योगायोग होता. परंतु ग्रंथांतील वचनापेक्षां डोळ्यांनीं पाहिलेलें खरें मानणें, हें पारेचें धैर्य होय. १५४५ सालीं त्यानें हा अनुभव फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध केला. त्यामुळें लॅटिन न जाणणाऱ्या कारागिरांसही तो वाचतां आला. पुढें १५५२ सालीं, पाय कापल्यावर तापल्या लोखंडाचा डाग न देतां, रक्तवाहिन्या दोऱ्यानें बांधण्याची प्राचीनांस ठाऊक असलेली रीत त्यानें वापरली. लंगड्यालुल्यांसाठीं त्यानें कृत्रिम हातपायही योजिले.

फ्रान्सच्या चार राजांची त्यानें सेवा केली. १५७५ सालीं त्याचे समग्र ग्रंथ निघाले, तेव्हां पॅरिसच्या पदवीधर वैद्यांनीं हरकत घेतली. तरी ग्रंथ लोकांच्या हातीं पोंचले. १५९० सालीं तो मरण पावला. जखमा कां चिघळतात, हें कोडें सुटण्यास पुढें एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. तथापि शस्त्रवैद्यानें रोग्याच्या वेदनेकडे पाहावें, हा धडा पारेनें घालून दिला.

शिकलेलें पाठ म्हणणें सोपें आहे. तें खरें आहे कीं नाहीं हें पहांटे उठून पाहणें कठीण. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें दुसरें काम शिकावें, एवढीच आमची इच्छा.