मधुमेहींच्या हाती वही देणारे जोस्लिन

एलियट जोस्लिन यांचा जन्म १८६९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. १८९५ मध्ये ते हार्वर्डमधून डॉक्टर झाले आणि पुढे बोस्टनमध्ये त्यांनी व्यवसाय सुरू केला. त्या काळी मधुमेहावर परिणामकारक औषध नव्हते. लहान मुले तर निदानानंतर फार काळ जगत नसत. जोस्लिन यांच्या आईलाही हा आजार होता. प्रत्येक मधुमेहीची नोंद वहीत ठेवायची, ही विद्यार्थिदशेत लागलेली सवय त्यांनी आयुष्यभर पाळली.

१९२२ मध्ये त्यांच्या रुग्णांना इन्सुलिन मिळू लागले. जीव वाचू लागले, पण नवी अडचण उभी राहिली. डोस कमी पडला तर साखर वाढते, जास्त झाला तर ती घसरून रुग्ण बेशुद्ध पडतो. शिवाय गरज रोजच्या जेवणानुसार आणि श्रमानुसार बदलते. डॉक्टर काही रोज घरी येऊ शकत नाही. म्हणून जोस्लिन यांनी रुग्णालाच शिकवायचे ठरवले. रुग्णांसाठी पुस्तक तर त्यांनी १९१८ मध्येच लिहिले होते. आता ते घरच्या घरी लघवी तपासण्याचा आग्रह धरू लागले. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे काही थेंब टाकून गरम करायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, विटकरी झाला तर ती चढत्या प्रमाणात आहे. हा रंग लिहून ठेवायचा आणि ठरवून दिल्याप्रमाणे डोस घ्यायचा. हे शिकवण्यासाठी त्यांनी परिचारिका तयार केल्या.

या तपासणीला मर्यादा होती. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. त्यामुळे घसरलेली साखर त्यात कळत नसे.

साखरेवर इतका कडक ताबा हवाच कशाला, असे म्हणणारे डॉक्टरही होते. हा वाद मिटण्याआधीच, १९६२ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी जोस्लिन गेले. १९९३ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील अभ्यासाचे निष्कर्ष आले. घरी दिवसातून किमान चार वेळा रक्तातील साखर तपासून इन्सुलिन ठरवणाऱ्या गटात डोळे, मूत्रपिंडे व नसांची हानी बरीच कमी झाली होती.

आज बोटाच्या एका थेंबावर काही सेकंदांत आकडा मिळतो. पण नुसत्या आकड्यावरून औषध ठरवता येत नाही. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर आणि घेतलेला डोस हे चारही वहीत लिहा आणि प्रत्येक भेटीला ती वही आणा. आकडा ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या व १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेबाहेर डोस मात्र स्वतःहून बदलू नका.